लिव्ह अँड लायसेन्सची मुदत संपल्यावर घरात राहिल्यास किती पैसे द्यावे लागतात

अकरा महिन्यांचा करार संपतो आणि नव्या कराराचा विषय कुणीच काढत नाही. मालक परगावी असतात, मुलांच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतात, आणि पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला भाडे नेहमीप्रमाणे खात्यात जमा केले जाते. पैसे वेळेवर जात आहेत म्हणजे सारे सुरळीत आहे, असे बहुतेक भाडेकरू मनापासून मानतात. महाराष्ट्रातील कायदा मात्र तसे मानत नाही, आणि त्याची किंमत पुढे अनेकदा संपूर्ण डिपॉझिट गमावून मोजावी लागते. म्हणूनच हा विषय सविस्तर मांडतो आहे.

सर्वांत आधी स्वतःचा करारनामा काढून त्याचे शीर्षक आणि मुदतीचे कलम वाचावे. आपण बोलताना सर्रास ‘भाडेकरू’ म्हणतो; पण राहण्यासाठी नोंदणी करून केलेला करार बहुधा लिव्ह अँड लायसेन्सचा असतो, आणि त्यात राहणारी व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नसून परवानाधारक, म्हणजे लायसेन्सी, असते. हा भेद केवळ शब्दांचा नाही. पागडीच्या खोलीत राहणाऱ्या जुन्या भाडेकरूला मुदत संपली तरी संरक्षण असते. तो कायद्याने ठरणारे भाडे देत राहील आणि कराराच्या अटी पाळील, तोवर कायद्यात सांगितलेल्या कारणांखेरीज त्याला बाहेर काढता येत नाही. लायसेन्सीला असे कोणतेही संरक्षण नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्याचा राहण्याचा अधिकार संपतो.

त्यानंतरही तो राहिला, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याचे कलम 24 लागू होते. मुदत संपूनही जो लायसेन्सी ताबा देत नाही आणि सक्षम प्राधिकाऱ्याने, म्हणजे अशा प्रकरणांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याने, बाहेर काढेपर्यंत घरात राहतो, त्याने करारात ठरलेल्या शुल्काच्या, म्हणजे आपण ज्याला भाडे म्हणतो त्या रकमेच्या, दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी, असे हे कलम सांगते. दुप्पट दराची अट करारात लिहिलेली नाही, म्हणून ती आपल्याला लागू नाही, हा समज चुकीचा आहे. ती थेट कायद्यातून येते. शिवाय या कलमासाठी लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. त्यामुळे ‘मालक तोंडी राहा म्हणाले होते’ एवढ्यावर तेथे फारसे भागत नाही.

आकडे मांडून पाहू. समजा शुल्क महिना 18,000 रुपये आहे, डिपॉझिट 60,000 रुपये आहे आणि करार 30 एप्रिलला संपला. कुटुंब 20 जूनपर्यंत तेथेच राहिले आणि ‘डिपॉझिटमधून कापून घ्या’ म्हणून त्यांनी या काळात काहीच दिले नाही. दुप्पट दराने मे महिन्याचे 36,000 आणि जूनच्या वीस दिवसांचे 24,000, म्हणजे बरोबर 60,000 रुपये होतात. मालकाने हा हिशेब धरला, तर हातात एक रुपयाही येत नाही, आणि विजेचे थकलेले बिल वेगळेच. हेच कुटुंब नेहमीच्या दराने 30,000 रुपये देत राहिले असते, तरी उरलेल्या 30,000 रुपयांची मागणी होऊ शकली असती. प्रत्यक्षात बरेच मालक एवढे ताणून धरत नाहीत, हे खरे. पण त्यांच्या चांगुलपणावर विसंबून घरखर्चाचे गणित मांडू नये.

म्हणून मुदतीच्या दोन महिने आधी मालकांना लेखी विचारावे. व्हॉट्सअॅपवर विचारले तरी चालेल, मात्र उत्तर स्पष्ट हवे. राहायचे असेल तर नवा करार जुना संपण्यापूर्वीच करावा. महिना-दोन महिनेच हवे असतील, तर तेवढ्याच मुदतीचा करार करता येतो. परीक्षा संपेपर्यंत थांबू इच्छिणाऱ्यांसाठी हाच सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. कराराची नोंदणी कलम 55 प्रमाणे सक्तीची असून ती करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर व्हावा लागतो, तेव्हा सह्या केलेले कागद एजंटच्या कपाटात पडून राहू देऊ नयेत.

मधल्या काळात राहणे टळतच नसेल, तर पैसे थांबवू नयेत. मुदत संपली म्हणून भाड्याचे बंधन संपत नाही. घर वापरात आहे तोवर मोबदला देणे लागतोच. रक्कम बँकेतूनच पाठवावी, सोबत कोणत्या महिन्याची आहे ते लिहावे आणि पावती मागावी. ठरलेल्या दराने पुढील अमुक तारखेपर्यंत राहण्यास संमती आहे आणि दुप्पट दराची मागणी करणार नाही, असे मालकांकडून लेखी घ्यावे. नुसते पैसे स्वीकारले गेले, म्हणून नवा परवाना मिळाला असे गृहीत धरू नये.

डिपॉझिटबाबत सर्वाधिक वाद होतात. ती रक्कम हानी आणि थकबाकीपोटी ठेवलेली असते. शेवटच्या महिन्यांचे भाडे त्यातून वळते करून घेण्याचा हक्क, करारात तसे नसल्यास, आपल्याला नाही. उलट बाजूने, डिपॉझिट हाती येईपर्यंत चावी न देण्याची पद्धतही धोक्याची आहे. काही करारांत मालकाने डिपॉझिट परत न केल्यास लायसेन्सीला शुल्क न देता राहता येईल किंवा व्याज मिळेल, असे कलम असते. ते आपल्या करारात आहे का, हे आधी पाहावे. नसेल, तर चावी आणि धनादेश यांची देवाणघेवाण एकाच बैठकीत ठरवावी.

पैशांचे बंधन ज्या दिवशी थांबते तो दिवस कागदावर यायलाच हवा, आणि तो येतो ताबा पावतीने. तिच्यात एवढा मजकूर पुरेसा आहे: ‘आज दिनांक अमुक रोजी सायंकाळी सहा वाजता सदनिकेचा रिकामा व शांततापूर्ण ताबा तीन चाव्यांसह मिळाला. वीज मीटरचे रीडिंग अमुक. आजपर्यंतचे शुल्क मिळाले. डिपॉझिटपैकी अमुक रक्कम अमुक धनादेशाने परत केली.’ खाली दोघांच्या सह्या आणि एका साक्षीदाराची सही घ्यावी. मीटरचा आणि प्रत्येक खोलीचा फोटो त्याच वेळी काढावा. सामान हलवले पण चावी खिशातच राहिली, तर ताबा दिला असे होत नाही. स्वयंपाकघरात राहिलेला एक गॅस सिलेंडरसुद्धा वादाला पुरतो. मालक चावी घ्यायला टाळाटाळ करत असतील, तर घर रिकामे केल्याचे आणि चावी कधीही स्वीकारता येईल असे पत्र स्पीड पोस्टने व ईमेलने पाठवावे आणि पोच जपून ठेवावी.

प्रकरण सक्षम प्राधिकाऱ्याकडे गेलेच, तर समन्स हाती पडल्यापासून तीस दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र दाखल करून बाजू मांडण्याची परवानगी मिळवावी लागते. ही मुदत चुकवू नका, असे कळकळीने सांगतो. परवानगी मिळाली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य असल्याचे धरून घर खाली करण्याचा आदेश होतो, आणि मग भरलेल्या भाड्याच्या पावत्या दाखवायलाही जागा उरत नाही.

कलम 24 राहण्याच्या जागेपुरते आहे. दुकान किंवा कार्यालय लायसेन्सवर असेल, तर ताब्याचा दावा दिवाणी न्यायालयात, मुंबईत लघुवाद न्यायालयात, चालतो आणि भरपाई बाजारभावाने मागितली जाऊ शकते. ती जुन्या शुल्काच्या दुपटीहूनही जास्त भरू शकते. गोव्यात भाड्याचा 1968 चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे तेथील घरांना वरील कलमे लावू नयेत.