अपघाताच्या कागदांवरचे शब्द

अक्कलकोट रोडवर टेम्पोनं भावाला उडवलं, तेव्हा एमएलसी (मेडिको-लीगल केस) म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक नव्हतं. दवाखान्यात गेल्यागेल्या ती नोंद करून घ्या. त्यातून जखमेची खबर पोलिसांना जाते. भरपाईच्या दाव्यासाठी एफआयआर, पंचनाम्याच्या नकला जपा.

खरी गोम ‘अपंगत्वा’त आहे. दाखल्यावर ‘उजवा हात, कायम अपंगत्व ३० टक्के’ लिहिलं म्हणजे कमाईही तेवढीच बुडाली असं नव्हे. भाऊ यंत्रमागावर, तुटलेला धागा बोटांना जोडता येईना, तर उरलं काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हाच फरक स्पष्ट केलाय. म्हणून वकिलांना हातानं नेमकं काय काम व्हायचं ते सविस्तर सांगा.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ चा भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत द्या.