जुन्या अमेरिकी बाटल्या आणि फ्लास्क गोळा करताना या चुका टाळा

अमेरिकेतील जुन्या बाटल्यांचा संग्रह करू लागलेला माणूस बहुधा काच पाहण्याआधी काचेवरची अक्षरे वाचतो, आणि तिथेच फसतो. उठावाच्या अक्षरांतले साल पुष्कळदा पेटंटचे किंवा निव्वळ जाहिरातीचे असते. बाटली कधी तयार झाली, याच्याशी त्याचा संबंध असेलच असे नाही. फळे-भाज्या टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ज्या बरण्यांवर ‘मेसन्स पेटंट, नोव्हेंबर ३०, १८५८’ असे लिहिलेले असते, त्या विसावे शतक उजाडल्यावरही तयार होत होत्या, त्यामुळे ‘१८५८ची बरणी’ म्हणून कोणी एखादी गळ्यात मारू पाहत असेल तर त्या सालाला काहीच वजन देऊ नये. लाकडी झोपडीच्या आकाराच्या ‘ड्रेक्स प्लँटेशन बिटर्स’ या कडू औषधी मद्याच्या बाटलीवर तर १८६० आणि पेटंटचे १८६२ अशी दोन साले एकत्र नांदतात. फिलाडेल्फियाच्या ई. जी. बूझ यांच्या व्हिस्कीची घराच्या आकाराची बाटली ग्लासबोरोच्या व्हिटनी कारखान्यात १८६०च्या दशकात तयार झाली, पण तिच्या छपरावर १८४० कोरलेले आहे.

प्रसिद्ध व्यक्तींचे चेहरे असलेले फ्लास्क, म्हणजे दारूच्या चपट्या बाटल्या, हेही असेच चकवतात. जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ मध्ये वारले, परंतु त्यांची छबी असलेले फ्लास्क त्यानंतर कित्येक दशके निघत राहिले. फिलाडेल्फियाच्या डायॉटव्हिल कारखान्यातील ज्या फ्लास्कवर एका बाजूला ‘देशाचा पिता’ वॉशिंग्टन आणि दुसऱ्या बाजूला ‘जनरल टेलर कधीच शरण जात नाही’ हे वाक्य आहे, ते मेक्सिको युद्धात झॅकरी टेलर यांचे नाव गाजल्यानंतरचे आहेत, हे उघड आहे. फ्रेंच सेनानी लाफाएत (१८२४-२५ चा दौरा), गायिका जेनी लिंड (१८५०) आणि हंगेरीचे क्रांतिनेते कोशुत (१८५१) यांच्या फ्लास्कबाबत व्यक्तीच्या अमेरिका भेटीवरून फ्लास्क साधारण त्याआधीचा नाही एवढेच ठरते, तो नंतर किती उशिरा बनला हे नाही. शिवाय जेनी लिंडच्या नकला पुढे इतक्या निघाल्या की नुसता चेहरा हा पुरावाच मानू नये.

मग वय कशावरून ठरवावे? बूड, साच्याची शिवण (साच्याचे भाग जुळतात तिथे काचेवर उमटणारी रेघ) आणि तोंड, याच क्रमाने पाहावे. साधारण १८६०च्या दशकाआधी बाटलीच्या बुडाला वितळलेल्या काचेच्या गोळीने एक लोखंडी सळई (पॉन्टिल) चिकटवून तिला धरत, मग तोंडाला आकार देत आणि शेवटी सळई झटक्याने तोडत असत. त्या जागी उरलेला खडबडीत व्रण म्हणजे पॉन्टिलचा व्रण. १८४५ ते १८६५च्या सुमारास काही ठिकाणी काचेची गोळी न वापरता तापवलेली लोखंडी सळई थेट बुडाला लावत, तेव्हा व्रणाच्या जागी लालसर किंवा काळपट डाग राहतो. पुढे बाटली बाहेरून पकडणारा चिमटा आला आणि व्रण नाहीसा झाला. व्रण बोटाने चाचपून पाहावा, त्याची धार नखाला लागते.

बुडावरच्या खुणांबाबत तीन प्रकारची गफलत होते. पहिली अशी की यंत्राने बनलेल्या बाटलीच्या बुडावरही वर्तुळाकार खूण असू शकते. मायकेल ओवेन्स यांचे स्वयंचलित यंत्र १९०३च्या सुमारास आले, आणि त्यात काच शोषून घेताना कापली जाते तिथे बुडाच्या मध्यापासून किंचित सरकलेले, काठ पिसासारखे असलेले वर्तुळ उमटते. नवखे संग्राहक त्यालाच पॉन्टिल समजतात आणि विसाव्या शतकातील बाटली घेऊन येतात. दुधाच्या बाटल्यांच्या बुडावरील यंत्राच्या झडपेचे लहान वर्तुळ हीदेखील तशीच फसवी खूण आहे. दुसरी गफलत उलट दिशेची असते. न्यू जर्सीतील क्लेटन येथील क्लेव्हेंजर बंधूंनी १९३०च्या दशकापासून बूझ, जेनी लिंड अशा जुन्या घाटांच्या बाटल्या हाताने फुंकून बनवल्या, म्हणून पॉन्टिलचा व्रण असूनही बाटली नवी असू शकते. तिसरी गफलत बुडाच्या झिजेबाबत होते. खरी झीज बुडाचा जो भाग फळीला टेकतो तिथेच, बारीक आणि आडव्या-तिडव्या चऱ्यांच्या रूपात होते; चऱ्या एकाच दिशेने आणि साऱ्या बुडावर सारख्या असतील, तर कोणीतरी सँडपेपर फिरवला आहे.

शिवणीचा ठोकताळा सर्वांना ठाऊक असतो: शिवण तोंडाच्या काठापर्यंत चढली तर यंत्राची बाटली, गळ्यात विरली तर हाताची. ठोकताळा बऱ्याचदा बरोबर ठरतो, तरी त्याच्यावर डोळे मिटून विसंबणे धोक्याचे आहे. हाताने फुंकलेल्या ज्या बरण्यांचा काठ नंतर घासून सपाट केलेला असतो, त्यांची शिवण थेट काठापर्यंत जाते. उलट साच्यात फिरवून बनवलेल्या बाटलीची शिवण पुसली जाते, आणि ती शिवण नसल्यामुळे फार प्राचीन वाटते, जरी ती १८८०नंतरची असली तरी.

रंगाबाबत मात्र जरा थांबायला हवे, कारण पैसा तिथेच बुडतो. पुढे काच रंगहीन करण्यासाठी मँगनीज वापरत, आणि अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की फिकट जांभळी होते. हे ठाऊक असल्याने काही जण साध्या बाटल्यांवर मुद्दाम किरणोत्सर्गाचा मारा करून त्यांना गडद जांभळे करतात, आणि ‘दुर्मीळ रंग’ म्हणून विकतात. ऊन सहसा फिकट छटा देते. वांग्यासारखी गर्द जांभळी, सर्वत्र एकसारखी काच दिसली की जाणकार हात आखडता घेतात. न्यू जर्सीत घर केलेल्या मराठी मंडळींना एक सोय आहे: दक्षिण न्यू जर्सी हा १७३९ पासून अमेरिकी काचकामाचा जुना प्रदेश असल्यामुळे मिलव्हिल येथील अमेरिकी काचेच्या संग्रहालयात अस्सल वस्तू डोळ्यांनी पाहता येतात, आणि एकदा तसे पाहिले की खोटा रंग टोचू लागतो. मिलव्हिलच्याच व्हीटन कंपनीने १९६०-७०च्या दशकांत राष्ट्राध्यक्षांच्या आणि बिटर्सच्या लहान शोभेच्या बाटल्या भडक रंगांत काढल्या. त्यांची रद्दीबाजारातली गर्दी पाहून भुलू नये.

आता धुण्याविषयी. जमिनीतून निघालेल्या बाटलीवर पांढरट धुके असते आणि ती किती घासली तरी स्वच्छ होत नाही, ही तक्रार नेहमीचीच आहे. अशा वेळी बाटली पाण्यात बुडवून पाहावी: ओली असताना धुके दिसेनासे झाले आणि वाळताच परत आले, तर ती घाण नसून मातीतील ओलाव्याने काचेचा पृष्ठभाग खाल्ला गेला आहे, आणि कोणताही साबण त्याला उपयोगी पडणार नाही. कोणी आत खनिज तेल चोळून धुके लपवतात; खरेदी करताना बाटली हाताला तेलकट लागली, तर विक्रेत्याला विचारायला संकोच करू नये. तांब्याचे तुकडे आणि पॉलिशची पूड घालून बाटली यंत्रात फिरवण्याने चमक येते, पण अति केल्यास अक्षरांच्या कडा बोथट होतात. धुक्याऐवजी चुन्याचा थर असेल तर पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवणे पुरेसे ठरते. घासायला तारेचे टोक उघडे असलेला ब्रश घेऊ नये, थंड बाटलीत गरम पाणी ओतू नये, आणि कागदी लेबल असलेली बाटली तर पाण्याजवळही नेऊ नये. हायड्रोफ्लोरिक आम्लाचे नाव काही जण सुचवतात; ते त्वचेतून हाडापर्यंत जाते, म्हणून घरी त्याला थारा देऊ नये.

दुरुस्ती पकडण्यासाठी अंधारात अतिनील टॉर्च तोंडाच्या कडेवरून फिरवावा. तोंडाचा तुटलेला तुकडा इपॉक्सीने भरलेला असेल, तर तेवढा भाग काचेपेक्षा वेगळ्या रंगाने चमकतो. सगळी बाटली मंद हिरवी दिसली म्हणून युरेनियमची काच समजू नये, मँगनीजयुक्त काचही तशी चमकते. काचेतील हवेचे बुडबुडे हा दोष नाही, तडा मात्र आहे. नखाला बसणारी आणि प्रकाशात चंदेरी चमकणारी रेघ म्हणजे तडा.

स्वतः खोदून बाटल्या काढण्याची हौस असेल, तर आधी जमिनीच्या मालकाची लेखी परवानगी घ्यावी. संघ सरकारच्या आणि मूळ रहिवाशांच्या जमातींच्या जमिनीवर परवान्याशिवाय शंभर वर्षांहून जुन्या वस्तू काढणे हा १९७९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत बाटल्यांचा उल्लेख नावानिशी आहे.