घरी स्पीकर पारखायचे, तर आधी आवाज समान करा

दोन-अडीच लाखांची जोडी घरी ऐकायला आणली की बहुतेक जण आवडतं गाणं लावतात आणि ‘काय क्लॅरिटी आहे!’ म्हणून मोकळे होतात. पुष्कळदा त्या क्लॅरिटीत स्पीकरचा काहीच हात नसतो. नवी जोडी जुनीपेक्षा जरा मोठ्यानं वाजत असते, एवढंच.

तारांचं प्लस-मायनस बरोबर आहे, ॲम्प (ॲम्प्लिफायर) दोन्ही जोड्या सहज पेलतो आणि बसल्यावर ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर काढणारा छोटा पडदा, कानाच्या उंचीवर येतो, हे गृहीत धरतो. दुकानदाराकडून निदान आठवडा मागून घ्या. ‘शंभर तास वाजू द्या, मग खुलतील’ हे ऐकून घ्या आणि सोडून द्या. वूफरची, म्हणजे खर्ज काढणाऱ्या मोठ्या पडद्याची, कड पहिल्या काही तासांतच सैल होते. पुढे जे खुलतं ते आपले कान, आणि तोवर परतीची मुदत उलटलेली असते.

खोली. पंखा बंद, एसी बंद, रात्री साडेदहानंतर. समोरच्या फरशीवर जाड सतरंजी. टाळी वाजवल्यावर ‘टर्रर्र’ ऐकू आलं तर पडदे ओढा.

खुर्ची. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर त्यावर बसून खर्जाबद्दल मत देऊ नका. १० बाय १६चा हॉल घ्या. १६ फुटांच्या लांबीत साधारण ७० हर्ट्झची उभी लाट (भिंतींत अडकून जागच्या जागी घुमणारा सूर) तयार होते. काळी एकला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झ, म्हणजे नेमका तिच्या तावडीत सापडतो. स्पीकरवर ६९ हर्ट्झचा नुसता सूर लावून हॉलच्या लांबीत हळूहळू चाला: भिंतीशी तो फुगतो, चार फुटांवर जवळजवळ नाहीसा होतो, मधोमध पुन्हा फुगतो. स्पीकर तोच, सूर तोच. अशा हॉलमध्ये खुर्ची मागच्या भिंतीपासून सहाएक फुटांवर ठेवा. तिथे तो धड फुगतही नाही, धड गायबही होत नाही. आणि परदेशी समीक्षा वाचून ‘बास कमी आहे’ म्हणत जोडी नाकारू नका. अमेरिकेतल्या जिप्सम बोर्डच्या भिंतींतून बराच खर्ज निसटतो, आपल्या विटा-काँक्रीटच्या भिंती तो परत खोलीत फेकतात.

आवाज समान करणं. घात होतो तो इथेच. एका जोडीची संवेदनशीलता (तेवढ्याच विजेवर ती किती मोठ्यानं वाजते) ८६ डेसिबल आणि दुसरीची ९० असेल, तर बटण तेवढ्यावरच ठेवूनही दुसरी ४ डेसिबलनं पुढे जाते. तेवढं कुणालाही कळतं. फसवतो तो १ डेसिबलचा फरक. तो ‘मोठा’ असा ऐकू येत नाही; तपशील, मोकळेपणा, ‘गायक समोर बसलाय’ असा ऐकू येतो. त्यात आवाज वाढला की कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा जास्त भरलेले वाटतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी कानाचा हा स्वभाव १९३३मध्येच मोजून मांडला होता. म्हणून गाणं लावून, कानाच्या अंदाजानं आवाज जुळवू नका. अंदाज करणारा कानच तर फसलेला असतो.

दोन्ही जोड्यांतला एकेक स्पीकर शेजारी शेजारी ठेवा. एक ॲम्पच्या डाव्या टोकांना जोडा, दुसरा उजव्या. फाइल मोनो करून घ्या, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही चॅनलांवर एकच आवाज. मग बॅलन्सचं बटण फिरवलं की क्षणात एकावरून दुसऱ्यावर जाता येतं. आवाजाची बारीक आठवण काही सेकंदच टिकते, तारा काढून-लावून तुलना करण्यात अर्थ नाही. लाखांचा माल मोनोत ऐकायचा हे अनेकांना जिवावर येतं. पण स्टिरिओचा पसारा दोष झाकतो. मोनोत ते उघडे पडतात.

आता मोजणी. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पिंक नॉइज (सगळे स्वर मिसळलेला ‘श्श्श’ असा चाचणीचा आवाज) तयार करा आणि ५०० ते २००० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवून बाकीचं गाळा. हे गाळणं महत्त्वाचं. पूर्ण पट्टा घेतला तर खोलीत घुमणारा खर्ज मीटर फुगवतो, तुम्ही घुमणारा स्पीकर खाली आणता, त्याचा मधला स्वर मागे पडतो आणि ‘हा दबलेला वाजतो’ असा चुकीचा निकाल लागतो. फोन कव्हर काढून ट्रायपॉडवर, जिथे डोकं असतं तिथे लावा; हातात धरू नका, अंगाच्या हालचालीनंही आकडा बदलतो. डेसिबल मीटरचं ॲप ‘स्लो’वर, आवाज ७० ते ७५ डेसिबलच्या घरात, प्रत्येक स्पीकर अर्धा मिनिट, तीनदा. फोनचा आकडा चुकीचा असू दे, आपल्याला दोन आकड्यांतला फरक हवा आहे. तो ३.५ निघाला तर मोठ्यानं वाजणाऱ्या स्पीकरचा चॅनल फाइलमध्येच ३.५ डेसिबलनं उतरवा आणि पुन्हा मोजा. अर्ध्या डेसिबलच्या आत येईपर्यंत गाणं लावायचं नाही.

आता व्हॉल्यूमच्या बटणावर चिकटपट्टी लावा. आवाज वाढवावासा वाटला तर वहीत लिहा, बटणाला हात नको.

झाकून ऐका. समोर मलमलची ओढणी धरा (चादर वरचे स्वर खाते) आणि बॅलन्स घरातल्या दुसऱ्या कुणाला फिरवू द्या. १९९४मध्ये टूल आणि ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी तेच स्पीकर श्रोत्यांना आधी झाकून आणि मग दाखवून ऐकवले, तर गुण बदलले. मग स्पीकरांच्या जागा आपसांत बदला, पुन्हा मोजा, पुन्हा ऐका. पसंती जागेबरोबर सरकली तर तुम्ही कोपरा पारखत होता.

काय ऐकायचं. दुकानातली डेमो गाणी नकोत, ती कशावरही छान वाजतात. स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेलं पुरुषाचं मराठी बोलणं घ्या. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च यांतला फरक आपल्या कानात लहानपणापासून मुरलेला आहे. ‘चाक’चा च वरच्या पट्टीत सुटतो, ट्वीटर चरचरीत असेल तर दोन्ही च सारखेच फुसफुसतात. मग तंबोरा. जवारी, म्हणजे तारेची झणझणती गुंज, तारेतूनच आली पाहिजे; तारेवर माशी वेगळी घोंघावतेय असं वाटलं तर ट्वीटर आणि वूफर एकमेकांत मिसळलेले नाहीत. शेवटी डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड. ती वर चढताना मधेच एक जागा फुगली तर खुर्ची फूटभर हलवून पाहा. फुगवटा जागा बदलत असेल तर दोष खोलीचा, तिथेच राहिला तर स्पीकरच्या पेटीचा.

जिंकलेली जोडी शेवटचे दोन दिवस स्टिरिओत, तिच्या कायमच्या जागी वाजवा. मोनो फाइल लावल्यावर गळा बरोबर मधोमध हवा. एका बाजूला कलला तर दोन्ही स्पीकरांचं कानापासूनचं अंतर टेपनं मोजा. खोकी आणि आतला थर्मोकोल तोवर टाकू नका.