गच्चीचं पाणी जमिनीत कसं मुरवायचं

बैठं घर किंवा छोटा बंगला असेल, गोराई, मढ, मुलुंड कुठेही, तर हे काम मे महिन्यातच उरकून घ्या. 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी, म्हणजे 100 चौरस मीटरच्या गच्चीवर 100 मिमी पडला, जो मुंबईत जुलैमध्ये पडतोच, की 10,000 लिटर, आणि ते सगळं पायाशी पडत राहिलं तर भिंतींना ओल येणारच.

पन्हळी साफ करा, पाईपाला जाळी लावा. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा, त्यात कबुतरांची घाण असते.

शोषखड्डा, म्हणजे पाईपाचं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, खणण्याआधी एक टेस्ट कराच: हातभर खड्डा खणा, पाणी भरा, जिरलं की परत भरा नि बघा. दिवसभर तसंच राहिलं, किंवा खाडीकाठी होतं तसं खालूनच पाणी वर येत असेल तर त्यावर पैसे घालवू नका, टाकीत साठवा. जिरत असेल तर शोषखड्डा घराच्या पायापासून निदान 3 मीटर लांब घ्या, सेप्टिक टँकपासून आणखी लांब, तळाला मोठे दगड, मग खडी, वर जाड वाळू. ओव्हरफ्लो पावसाळी गटारात सोडा, संडासाच्या लाईनला अजिबात जोडू नका, जोराचा पाऊस आला की चेंबर भरून घाण पाणी वर येतं.