खडीखालचा प्लास्टिक कागद फाटू नये म्हणून

तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिक कागदावर थेट खडी टाकली की त्याला बारीक भोकं पडतात. ती खडीखाली झाकलेली, त्यामुळे पाणी उतरायला लागेपर्यंत पत्ताच लागत नाही. म्हणून कागद आणि खडी यांच्यामध्ये जाड, न विणलेलं जिओटेक्स्टाईल कापड घाला. हाताला नमद्यासारखं लागतं, तेच. पोत्यासारखं विणलेलं नको, टोकदार खडा त्याच्या धाग्यांमधून आरपार जातो.

१. आधी कागद झाडून घ्या. कापडाखाली राहिलेला एक खडासुद्धा वरच्या वजनाने रुततो.
२. कापडाच्या पट्ट्या एकमेकींवर किमान वीतभर चढवा.
३. शक्यतो नदीतल्यासारखे गोल गोटे वापरा. क्रशरची खडीच असेल तर कापड आणखी जाड घ्या.
४. खडी उंचावरून ओतू नका, गुडघ्याखालून सोडा. उतारावर खालून वर भरत या.

कापड पुरेसं जाड आहे का, हे आधीच बघता येतं. कागदाच्या उरलेल्या तुकड्यावर कापड घाला, वर तीच खडी पसरून जोर देऊन चाला. मग तुकडा उचलून उन्हाकडे धरा. प्रकाशाचा ठिपका किंवा खोल पांढरट खळगा दिसला तर कापड कमी पडतंय.

आणि खडी पसरायला यंत्र आणणार असाल तर एक सांभाळा: रुंद पट्ट्यांवर चालणाऱ्या हलक्या यंत्राखालीसुद्धा किमान ३० सेंमी खडीचा थर हवाच, चाकांच्या यंत्राखाली त्याहून बराच जास्त, आणि त्यावरसुद्धा यंत्र जागच्या जागी वळवू नका.