मेक्सिकन दुकानातून रोजचा स्वयंपाक: अमेरिकेत नवीन आलेल्यांसाठी

अमेरिकेत आल्यावर पहिले काही महिने बहुतेक मराठी घरांचा शनिवार इंडियन ग्रोसरीच्या वारीत जातो. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, लिंबं, चिंच, गूळ एवढ्यासाठी तासभर गाडी हाकायची. टेक्सास, कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना किंवा शिकागोच्या आसपास राहत असाल तर यातलं बरंचसं जवळच्या मेक्सिकन दुकानात मिळेल. पाटीवर 'कार्निसेरिया' (मांसाचं दुकान) किंवा 'तोर्तियेरिया' (तोर्तियांचं, म्हणजे तिकडच्या भाकऱ्यांचं दुकान) दिसलं की आत शिरा. सामान आणता आणता आठवड्यातले तीन-चार स्वयंपाकही तिथल्याच पद्धतीने करायला शिका, कारण मेक्सिकन घरातलं रोजचं जेवण म्हणजे भाकरी, उसळ आणि ठेचा. पिवळ्या चीजखाली गाडलेली थाळी हा सीमेच्या अलीकडचा, हॉटेलातला प्रकार. घरी रोज तसं कोणी जेवत नाही.

दुकानात अर्धी ओळख आधीचीच असते, फक्त नावं वेगळी. सिलांत्रो म्हणजे कोथिंबीर, कोमिनो म्हणजे जिरे, तामारिंदो म्हणजे चिंच. शंकूच्या आकाराची तपकिरी ढेप दिसेल ती पिलोनसियो, म्हणजे उसाचा गूळ. भाजीच्या टोपल्यांत 'वेर्दोलागास' लिहिलं असेल तर ती आपली घोळाची भाजी. हामाइका म्हणजे लाल अंबाडीची वाळवलेली बोंडं: अर्धा कप बोंडं लिटरभर पाण्यात पाच मिनिटं उकळून पंधरा मिनिटं झाकून ठेवली की सरबत तयार. राजगिऱ्याची वडी 'अलेग्रिया' नावाने मिळते. राजगिरा मुळात तिकडचाच, आपल्या उपासाला नंतर आला. लिंबू मात्र हिरवं, लहान घ्या. मोठं पिवळं लेमन कमी झणझणीत असतं आणि सालसाला, म्हणजे तिकडच्या ठेच्याला, उगाच गोडसर वास देतं.

नावांनी फसवणूकही होते, आणि नवीन माणसाचं सामान तिथेच वाया जातं.

अमेरिकन सुपरमार्केटातली 'चिली पावडर' ही मिरचीपूड नाही. त्यात मिरचीबरोबर जिरे, ओरेगानो, लसूण आणि बरेचदा मीठही असतं. अमेरिकन पाककृतीत दोन टेबलस्पून चिली पावडर लिहिली असेल आणि तुम्ही घरची मिरचीपूड तेवढीच घातलीत, तर पोरं उपाशी उठतील. भारतात ज्याला कॉर्नफ्लॉवर म्हणतात ते इथे कॉर्नस्टार्च. तोर्तियासाठी हवं ते 'मासा हारिना' हे मक्याचं खास पीठ, आणि त्याच फळीवर शेजारी हारिना पान नावाचं पीठ असतं. ते व्हेनेझुएलाच्या अरेपासाठी, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्यांसाठी, शिजवून केलेलं असतं, त्याची तोर्तिया नीट होत नाही. 'पारा तामालेस', म्हणजे पानात गुंडाळून उकडायच्या तामालेसाठी, असं लिहिलेली मासा जाडी असते, तीही टाळा.

शाकाहारी असाल तर तीन शब्द पाठ करा. 'मान्तेका' म्हणजे डुकराची चरबी, 'मान्तेका वेहेताल' म्हणजे वनस्पती तूप, आणि 'मान्तेकिया' म्हणजे लोणी. डब्यातल्या रेफ्राइड (घोटून परतलेल्या) बीन्समध्ये आणि मैद्याच्या काही तोर्तियांत मान्तेका असते, म्हणून डबा उलटून घटक वाचा. हॉटेलातला लाल भात बरेचदा 'काल्दो दे पोयो'त, म्हणजे कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो. टोमॅटोच्या चवीच्या मसाल्याच्या वड्यांतही कोंबडीचा अर्क सर्रास असतो. 'मांस आहे का' असं विचारलंत तर वाढणारा प्रामाणिकपणे नाही म्हणेल, म्हणून रस्सा आणि चरबीबद्दल वेगळं विचारा. चीजच्या पाकिटावर नुसतं 'एन्झाइम्स' लिहिलेलं असेल तर रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध फाडणारं द्रव्य, प्राण्याचं असू शकतं. 'मायक्रोबियल' किंवा 'व्हेजिटेबल रेनेट' शोधा.

आता मुख्य काम, रविवारचं फ्रिहोलेसचं, म्हणजे बीन्सचं भांडं. पिंटो बीन्स ठिपक्यांचे, फिकट तपकिरी. काळे बीन्स त्यांचेच भाऊ, आणि आपला राजमाही त्याच जातीचा. एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम पिंटो रात्री भिजवा, सकाळी पाणी फेका. कुकरमध्ये दाण्यांच्या दोन बोटं वर पाणी, अख्खा अर्धा कांदा, तीन लसूण पाकळ्या, चमचाभर तेल. आपल्या कुकरला चार-पाच शिट्ट्या आणि मंद आचेवर दहा मिनिटं. इन्स्टंट पॉटमध्ये, म्हणजे विजेच्या कुकरमध्ये, भिजवलेल्याला बारा मिनिटं हाय प्रेशर आणि वाफ आपोआप उतरू द्यायची. झाकण लगेच उघडलं तर साली फाटतात आणि रस्सा फुटल्यासारखा दिसतो. मीठ सुरुवातीला चालतं, पण टोमॅटो, लिंबू, चिंच यांतलं काही दाणे पुरते शिजल्याशिवाय घालू नका. आंबटपणाने साल घट्ट राहते आणि मग कितीही शिट्ट्या द्या, दाणा बोटाने दबत नाही. तरीही कच्चे राहत असतील तर बीन्स जुने आहेत किंवा पाणी जड आहे: चिमूटभर खायचा सोडा घाला. स्लो कुकर वापरणाऱ्यांना एक इशारा. लाल राजमा त्यात कच्चा टाकायचा नाही, त्याच्या मंद उष्णतेत दाण्यातलं विष जात नाही. भिजवून, पाणी फेकून, आधी गॅसवर अर्धा तास खळखळून उकळा.

एका पौंडाचे साधारण सहा कप शिजलेले बीन्स होतात, चौघांच्या घराला तीन वेळा पुरतात. रस्सा फेकू नका, पुढचं सगळं त्यावर आहे. दोन दिवसांचं फ्रीजमध्ये ठेवा, उरलेलं रश्श्यासकट फ्रीझरला. आणि हळद, मोहरी, गोडा मसाला यांना हात लावू नका. पहिल्यांदा हात आपोआप डब्याकडे जातो, पण हळद पडली की ती उसळच. जिरेही बेताने, जिऱ्याचा मारा हा टेक्सासचा शौक. वासासाठी मेक्सिकन ओरेगानो घ्या. तो पिझ्झ्यावरच्या ओरेगानोहून वेगळ्या झाडाचा असतो आणि जास्त तिखट वासाचा. नसेल तर दोन चिमटी ओवा चालून जातो.

भाकरीकडे वळू. मासा हारिनाचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुवून, दळून केलेला असतो. पाकिटावर 'लाइम' लिहिलेलं असतं ते लिंबू नाही, पानाला लावतो तो चुना. चुन्यामुळे मक्याची साल सुटते, पीठ चिकटून धरतं आणि मक्यातलं नियासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. म्हणूनच साध्या मक्याच्या पिठाची तोर्तिया तव्यावर तुकडे-तुकडे होते. तिला उकड काढा नाहीतर काहीही करा. प्रमाण: दोन कप मासा, दीड कप कोमट पाणी, पाव चमचा मीठ. इथला कप २४० मिलीलीटरचा, आपली वाटी नव्हे. मळून ओल्या फडक्याखाली वीस मिनिटं ठेवा, मग लिंबाएवढे सोळा गोळे. एक गोळा दाबून पाहा: कडा चिरल्या तर पाणी कमी, प्लास्टिकला चिकटला तर जास्त. पाणी एकावेळी एकच चमचा वाढवा.

तोर्तिया दाबायचा प्रेस नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीचे दोन तुकडे आणि जड सपाट बुडाचा तवा घेऊन उभं राहून दाबा. थालीपिठासारखं थापत बसलात तर जाडी एकसारखी येत नाही. सहा इंची झाली की कडकडीत तापलेल्या बिडाच्या तव्यावर टाका. पहिली बाजू वीस-पंचवीस सेकंद, दुसरी मिनिटभर, परत उलटून हलकंसं दाबलं की फुगते. फुगली नाही म्हणून जेवण अडत नाही. काढलेली प्रत्येक तोर्तिया जाड फडक्यात गुंडाळत जा. दहा मिनिटं एकमेकींच्या वाफेत राहिल्या की मऊ पडतात. ताटात उघडी ठेवली की पापड. रोज हे शक्य नसतं, तेव्हा विकतची मक्याची तोर्तिया आणा, तव्यावर दोन्हीकडून तीस सेकंद भाजा आणि तशीच गुंडाळा. मायक्रोवेव्हमध्ये कोरडी टाकू नका, चामडं होतं. दुकानात मिळणाऱ्या कडक टॅको शेलच्या डब्यांवर पैसे घालवू नका.

मिरच्या. हालापेन्यो आणि सेरानो हिरव्या. सेरानो आपल्या मिरचीच्या जवळची. पोब्लानो मोठी, सौम्य, भाजून साल काढून भरायची. वाळल्यावर पोब्लानोची आन्चो होते, आणि धुरी देऊन वाळवलेल्या हालापेन्योला चिपोत्ले म्हणतात. ग्वाहियो ब्याडगीच्या कामाची, रंग जास्त आणि तिखटपणा कमी. आर्बोल लवंगीची बहीण, एक-दोनच्या वर नको.

लाल सॉस एकदा केला की आठवडाभर चालतो. पाच ग्वाहियो, दोन आन्चो, एक आर्बोल. देठ आणि बिया काढा, तव्यावर प्रत्येक बाजू वीस सेकंद. रंग जरा बदलला, वास सुटला की उचला. काळी पडली की सॉस कडू होतो आणि त्यावर इलाज नाही, साखरही लपवत नाही. आधी खिडकी उघडा. अपार्टमेंटमधला चुलीवरचा पंखा बरेचदा तोच ठसका गाळून पुन्हा घरातच सोडतो. गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून दोन भाजलेले टोमॅटो, पाव कांदा, दोन लसूण पाकळ्या, पाव चमचा जिरे यांबरोबर वाटा आणि गाळा. ग्वाहियोची साल चिवट असते, कुठल्याच मिक्सरला दाद देत नाही. मग दोन टेबलस्पून तेलात वाटणासारखा आठ मिनिटं परता. कच्चा सॉस आणि परतलेला सॉस हे दोन वेगळे पदार्थ आहेत. मिक्सरवरून आठवलं: भारतातून आणलेला २२० व्होल्टचा मिक्सर इथल्या १२० व्होल्टवर धड चालत नाही, ब्लेंडर इथलाच घ्या.

हिरव्या सालसाला तोमातियो लागतो, कागदी आवरणातला हिरवा गोळा, रसभरीच्या घराण्यातला. आवरण काढल्यावर अंगावरचा चिकटपणा धुऊन टाका. अर्धा किलो तोमातियो आणि दोन सेरानो पाण्यात उकळा, रंग शेवाळी झाला की गॅस बंद. फुटेपर्यंत उकळला तर आंबट पाणी उरतं. कोथिंबीर, पाव कांदा, मीठ घालून भरड फिरवा.

एवढं हाताशी असलं की संध्याकाळी अर्ध्या तासात जेवण होतं. सोमवारी रश्श्यासकट बीन्स आणि लाल भात. भातासाठी कपभर तांदूळ धुऊन पंधरा मिनिटं निथळत ठेवा. ओला तांदूळ तेलात पडला की गोळा होतो. दोन टेबलस्पून तेलात सोनेरी होईपर्यंत सात-आठ मिनिटं परता. दोन टोमॅटो, पाव कांदा, एक लसूण वाटून घाला, त्यात पाणी धरून एकूण दोन कप. बासमतीला पावणेदोन पुरे. उकळी आली की झाकून मंद आचेवर अठरा मिनिटं, आणि त्यानंतर दहा मिनिटं हात लावायचा नाही. मध्ये ढवळलात तर मऊभात होईल.

मंगळवारी लहान मुलांचं आवडतं, सोपा दे फिदेओ: शेवया तेलात तपकिरी भाजून टोमॅटोच्या पातळ रश्श्यात दहा मिनिटं. २०० ग्रॅमच्या पाकिटाला सहा कप पाणी, आणि लगेच वाढा. उशीर झाला की शेवया सगळा रस्सा पिऊन शिऱ्यासारख्या बसतात.

बुधवारी एन्फ्रिहोलादास. उरलेले बीन्स रश्श्यासकट पातळ वाटून गरम करा, तोर्तिया तेलात दहा सेकंद फिरवून त्यात बुडवा, घडी घालून वर कांदा आणि केसो फ्रेस्को. तेलातून काढायचा आळस केला तर तोर्तिया रश्श्यात विरघळते. केसो फ्रेस्को पनीरसारखं चुरडतं, वितळत नाही. वितळवायला केसो ओहाका आणा. घरात कोणी गरोदर असेल तर केसो फ्रेस्को वाफ येईपर्यंत गरम केल्याशिवाय देऊ नका, त्यात लिस्टेरिया या जंतूचा धोका असतो.

मांसाहारी घरात गुरुवारी तिंगा करा: अर्धा किलो बोनलेस कोंबडी वीस मिनिटं उकडून तिचे धागे काढा, दोन उभे चिरलेले कांदे परता, चार टोमॅटो आणि दोन चिपोत्ले वाटून घाला, पंधरा मिनिटं आटवा. शाकाहारी तिंग्याला अळंबी किंवा कोबी. अदोबोतल्या, म्हणजे आंबट-तिखट सॉसमध्ये मुरवलेल्या, चिपोत्लेचा डबा एकावेळी संपत नाही. उरलेल्या मिरच्या बर्फाच्या ट्रेमध्ये एकेक करून गोठवा.

शुक्रवारी उरलेल्या शिळ्या तोर्तियांचे त्रिकोण कापून तळा, गरम सालसात मिनिटभर घोळवा, वर तळलेलं अंडं किंवा बीन्स. याला चिलाकिलेस म्हणतात. फोडणीची पोळी करणाऱ्याला ते शिकवावं लागत नाही. ताज्या तोर्तियाचे करू नका, लगदा होईल. आणि सगळे ताटावर बसल्याशिवाय सालसा घालू नका.