सोनॉफ बेसिकवर टास्मोटा: अंगणातला दिवा सूर्यास्ताला आपोआप लावा

सोनॉफ बेसिक हा तळहातावर मावणारा वाय-फाय स्विच. मूळ फर्मवेअरसोबत (चिपमध्ये भरलेल्या प्रोग्रॅमसोबत) तो वापरायचा तर कंपनीचे ॲप आणि खाते लागते. थिओ अरेंड्स यांनी सुरू केलेले टास्मोटा हे मुक्त फर्मवेअर त्यात भरले की स्विचचे पान थेट ब्राउझरमध्ये उघडते आणि सगळा कारभार घरातल्या घरात चालतो.

आधी आतली चिप पाहा. पहिल्या बेसिकमध्ये ईएसपी८२६६ आहे, आर२ मध्ये ईएसपी८२८५. दोन्हींना एकच फाइल चालते. आर४ मध्ये ईएसपी३२-सी३ आहे, त्याची फाइल वेगळी. बाजारातल्या बऱ्याच नव्या स्मार्ट प्लगमध्ये बेकन चिप असते. तिच्यावर टास्मोटा चालत नाही, तिथे ओपनबेकन हे त्या चिपचे फर्मवेअर पाहावे.

लागणारे सामान: यूएसबी-टीटीएल ॲडॅप्टर (संगणकाचे यूएसबी बोर्डाच्या पिनांशी जोडणारा), चार जंपर वायर, २.५४ मिमी अंतराची चार पिनांची पट्टी, सोल्डरिंग गन आणि मल्टीमीटर.

मल्टीमीटर यादीत उगाच नाही. ही चिप ३.३ व्होल्टवर चालते, ५ व्होल्टने जळू शकते. काही ॲडॅप्टरवरचा जंपर फक्त सिग्नलचा दाब बदलतो, पुरवठ्याची पिन ५ व्होल्टच राहते. म्हणून पुरवठ्याची पिन मोजल्याशिवाय बोर्डाला जोडू नका. उलट अडचणही येते. एफटी२३२आरएल चिपचा स्वतःचा ३.३ व्होल्ट पुरवठा जेमतेम ५० मिलिॲम्पिअर देतो आणि वाय-फाय सुरू होताना ईएसपी त्याच्या कितीतरी पट ओढते. फ्लॅशिंग, म्हणजे फर्मवेअर भरणे, अर्ध्यावर तुटत असेल तर संशय आधी इथे घ्या. वेगळा रेग्युलेटर असलेला ॲडॅप्टर घ्यावा.

फ्लॅशिंग

१. स्विच मेन्सपासून पूर्ण सुटा करा. ॲडॅप्टर जोडलेला असताना २३० व्होल्ट कधीही देऊ नका: जीव जाऊ शकतो, संगणकही जाईल.

२. बोर्डावर पिनपट्टी सोल्डर करा. पिनांचा क्रम आवृत्तीनुसार बदलतो, तेव्हा बोर्डावर छापलेली नावे वाचा.

३. ग्राउंडला ग्राउंड, ३.३ ला ३.३ जोडा. ॲडॅप्टरचा टीएक्स (पाठवणारी पिन) बोर्डाच्या आरएक्सला (घेणाऱ्या पिनेला) आणि आरएक्स टीएक्सला.

४. बोर्डावरचे बटण दाबून धरा, यूएसबी लावा, दोन-तीन सेकंदांनी बटण सोडा. बटणाने फ्लॅश मोड लागत नसेल तर चिपची जीपीआयओ० ही पिन ग्राउंडला टेकवून पुन्हा वीज द्या.

५. क्रोम किंवा एजमध्ये टास्मोटाचा वेब इन्स्टॉलर उघडा, पोर्ट निवडा, जुने पुसण्याच्या पर्यायावर खूण करा आणि भरा. मूळ फर्मवेअरकडे परतण्याची शक्यता ठेवायची असेल तर त्याआधी ईएसपीटूल या संगणकावरच्या प्रोग्रॅमने त्याची प्रत काढून ठेवा.

६. यूएसबी काढून पुन्हा लावा, या वेळी बटण न दाबता. फोनवर टास्मोटा नावाचे नेटवर्क दिसेल. त्याला जोडून १९२.१६८.४.१ उघडा आणि घरच्या वाय-फायचा पासवर्ड भरा. नेटवर्क २.४ गिगाहर्ट्झचेच हवे.

सेटिंग

मॉड्यूल ‘सोनॉफ बेसिक’ निवडा. मग कन्सोलमध्ये (स्विचच्या पानावरच्या आज्ञा लिहिण्याच्या जागी) रोमन लिपीत आज्ञा द्या: टाइमझोन +५:३० (Timezone +5:30). पुढे आपले अक्षांश-रेखांश भरा (पुण्यासाठी साधारण १८.५२ आणि ७३.८६). टायमरच्या पानावर सूर्यास्ताला चालू, रात्री ११ ला बंद असे दोन टायमर लावा. ‘रिपीट’वर खूण हवीच, नाहीतर टायमर एकदाच चालतो.

आपल्याकडे वीज जशी येते-जाते ते पाहता सेटऑप्शन६५ १ (SetOption65 1) ही आज्ञा फार महत्त्वाची आहे. दहा सेकंदांपेक्षा कमी अंतराने सात वेळा वीज गेली-आली तर टास्मोटा सगळी सेटिंग पुसते. ही सोय अडकलेला स्विच मोकळा करण्यासाठी आहे, पण पावसाळ्यात लपंडाव चालू असताना तीच वाय-फायचा पासवर्डही घालवते. ही आज्ञा दिली की ते थांबते. पुढे कधी खरेच पुसायचे असेल तर बटण ४० सेकंद धरा.

या बोर्डावर घड्याळाची बॅटरी नाही, वेळ इंटरनेटवरून येते. वीज आल्यावर राउटर बंदच असेल तर टायमर लागणार नाही. सूर्यास्त वीज गेलेली असताना होऊन गेला, तर चुकलेला टायमरही मागाहून चालत नाही. राउटर इन्व्हर्टरवर घेणे हा सोपा उपाय, आणि हाताने लावायला स्विचवरचे बटण आहेच.

जोडणी

एमसीबी पाडा आणि टेस्टरने खात्री करा. सोनॉफला न्यूट्रल लागतो. जुन्या घरांतल्या दिव्याच्या बोर्डात तो अनेकदा नसतो, प्लग सॉकेट असलेल्या बोर्डात मिळतो. झाकण लावल्याशिवाय वीज सुरू करू नका, आणि बाहेर बसवायचा असेल तर पाणी न शिरणाऱ्या डब्यात ठेवा.

याच स्विचवर पाण्याची मोटर थेट लावू नका. एक एचपीची मोटर चालताना पाचेक ॲम्पिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच-सात पट ओढते. त्या झटक्याने स्विचमधल्या १० ॲम्पिअरच्या रिलेचे (विजेने चालू-बंद होणाऱ्या खटक्याचे) पॉइंट चिकटतात आणि टायमरने ‘बंद’ सांगूनही मोटर चालूच राहते. मोटरसाठी मध्ये कॉन्टॅक्टर (जड भारासाठीचा मोठा रिले) घाला, सोनॉफने फक्त त्याची कॉइल चालवावी. शिवाय पल्सटाइम १३०० (PulseTime 1300) ही आज्ञा द्या: १११ च्या पुढच्या आकड्यातून १०० वजा केले की सेकंद मिळतात, म्हणजे मोटर १२०० सेकंदांनी, वीस मिनिटांत, आपोआप बंद होईल.